खिसा कुठे शिवावा?

शर्टाचा खिसा छातीच्या डाव्या बाजूला का असतो? हा प्रश्न एकदा वर्गात विचारून पाहा. "तशी पद्धतच आहे" असे उत्तर बहुधा पहिल्यांदा येईल. थोडा वेळ दिला की एखादी मुलगी हात दुमडून पाहील आणि सांगेल, की उजवा हात दुमडला की तो आपोआप डाव्या छातीपाशी येतो. बहुतेक माणसे उजव्या हाताने काम करतात, म्हणून खिसा डावीकडे. मग पुढचे प्रश्न विचारता येतात. आजीची चंची कमरेलाच का? धोतर नेसणारा माणूस पैसे कनवटीलाच का लावी? प्रत्येक वेळी उत्तर एकच निघते. माणूस काय नेसतो, कोणत्या स्थितीत काम करतो आणि त्याचा हात कुठवर पोचतो, यावर वस्तूची जागा ठरते.

आता एक अवघड उदाहरण घेऊ. माणूस पोटावर आडवा तरंगतो आहे. त्याच्या दोन्ही बगलांपासून मांड्यांपर्यंत हवेच्या दोन टाक्या बांधलेल्या आहेत. हातात जाड मोजे आहेत. पाण्यात इतका गाळ उठला आहे की दिवा असूनही स्वतःचे बोट दिसत नाही. डोक्यावर मोकळे पाणी नाही, दगडाचे छत आहे. पायात दोर गुंतला आहे आणि चाकू हवा आहे. सांगा, या माणसाच्या पोशाखाला खिसा कुठे शिवावा?

हा प्रश्न काल्पनिक नाही. गुहांमधून बुडी मारणारे पाणबुडे गेली साठेक वर्षे तो सोडवत आले आहेत. त्याचे उत्तर समजून घ्यायचे तर थोडे मागे जावे लागेल.

खिसा नसलेला पोशाख

फिनलंडमधील राहे या गावच्या संग्रहालयात अठराव्या शतकातला एक पाणबुड्याचा पोशाख आहे. त्याला तिथले लोक 'म्हातारबुवा' म्हणतात. तो वासराच्या कातड्याचा असून त्याच्या शिवणी डांबराने बुजवलेल्या आहेत. आत राहून अंग कोरडे ठेवायचे, ही त्यामागची कल्पना. आज ज्याला आपण ड्रायसूट म्हणतो त्याचा हा पूर्वज.

कातडे आणि डांबर यांची जागा रबराने घेतली ती १८२३ नंतर. त्या वर्षी स्कॉटलंडच्या चार्ल्स मॅकिंटॉशने दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर देऊन जलाभेद्य कापड बनवण्याचे पेटंट घेतले. पावसाळी कोटाला इंग्रजीत त्याचेच नाव पडले. मौज अशी, की त्याच वर्षी चार्ल्स डीन याने धुरात शिरणाऱ्यांसाठी एका शिरस्त्राणाचे पेटंट घेतले. पुढे डीन बंधूंनी त्याचाच उपयोग पाण्याखाली केला. शिरस्त्राणात वरून पंपाने हवा येई आणि खालच्या उघड्या कडेने बाहेर पडे. पाणबुडा वाकला किंवा पडला, की पाणी आत शिरे. १७८२ मध्ये बुडालेल्या 'रॉयल जॉर्ज' या युद्धनौकेचे अवशेष काढण्याचे काम १८३९ मध्ये कर्नल पास्ले यांनी हाती घेतले. त्या काळात ऑगस्टस सीबे याने शिरस्त्राण पोशाखाला घट्ट जोडून तो सर्व बाजूंनी बंद केला. हा बंद पोशाख पुढे शंभर वर्षे जगभर वापरात राहिला.

या पोशाखाचे वजन शिरस्त्राण, शिशाची वजने आणि जड बूट मिळून सुमारे ८० किलो भरे. त्यावर कामाचे खिसे नव्हते. कमरेच्या पट्ट्याला म्यानात एक चाकू, बस. हातोडा, करवत, छिन्नी जे लागेल ते नावेतून दोराला बांधून खाली सोडत. दोराला हिसके देऊन खुणा करायच्या, की वरचा माणूस हवी ती वस्तू पाठवी. थोडक्यात, पाणबुड्याचा खिसा वर नावेत होता आणि तो सांभाळायला माणसे होती. जोवर डोक्यावर मोकळे पाणी आणि त्यावर नाव होती, तोवर ही व्यवस्था उत्तम चालली.

सायकलची नळी आणि फुटबॉलचा पंप

इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यात मेंडिप नावाच्या चुनखडीच्या टेकड्या आहेत. चुनखडी पाण्यात हळूहळू विरघळते, त्यामुळे या टेकड्या आतून पोखरलेल्या आहेत. गुहेत शिरणारे लोक चालत, सरपटत एका जागी येऊन अडत. तिथे गुहेचे छत पाण्याखाली जाई. अशा जागेला इंग्रजीत 'सम्प' म्हणतात (कामगारांच्या संपाशी त्याचा संबंध नाही, पण वाट तितकीच बंद होते). पलीकडे गुहा पुन्हा कोरडी असेल का? बुडी मारल्याशिवाय हे कळायला मार्ग नव्हता.

स्विल्डन्स होल या गुहेतल्या पहिल्या सम्पवर १९३४ मध्ये ग्रॅहॅम बाल्कोम आणि जॅक शेपर्ड यांनी प्रयत्न केला. बाल्कोम हे टपाल खात्यात इंजिनिअर होते. सायकलच्या सांगाड्याची नळी, तिच्यात बसवलेल्या झडपा आणि बागेला पाणी घालायचा रबरी पाइप एवढे त्यांचे श्वसनयंत्र होते. ते यशस्वी झाले नाही. याचे कारण विद्यार्थ्यांना गणिताने काढता येईल. एक मीटर खोलीवर पाण्याचा जादा दाब दर चौरस सेंटिमीटरला ०.१ किलोग्रॅम भाराइतका असतो. छातीचे क्षेत्रफळ हजार चौरस सेंटिमीटर धरले तर छातीवर शंभर किलोंचा भार येतो. फुप्फुसातली हवा मात्र वरच्याच दाबाची असते. एवढा भार उचलून श्वास घेणे बरगड्यांना झेपत नाही. हवा दाबानेच पुरवली पाहिजे. १९३६ मध्ये शेपर्ड यांनी घरी बनवलेला कोरडा पोशाख घातला, फुटबॉलमध्ये हवा भरायच्या पंपात फेरफार करून त्याने हवा घेतली आणि तो सम्प पार केला. त्याची लांबी जेमतेम दोनेक मीटर आहे. आज जाणकार लोक तो दम रोखून, दोर धरून ओलांडतात.

मधल्या काळात, १९३५ मध्ये, याच मंडळींनी जवळच्या वूकी होल या मोठ्या गुहेत सीबे गोर्मन कंपनीचा जड पोशाख वापरून बुड्या मारल्या. त्यांत पेनेलोपी पॉवेल ही महिलाही होती. नदीच्या तळावरून चालत हे लोक सातव्या दालनापर्यंत पोचले. पण पुढे जाता येईना, कारण हवेची नळी मागे ओढावी लागे. नळीवर जगणाऱ्याला नळीइतकेच जग.

म्हणजे नळी सोडायला हवी होती. युद्धकाळात नौदलाच्या पाणबुड्यांसाठी प्राणवायूची सुटी उपकरणे आणि हलके रबरी पोशाख तयार झाले. १९४६ मध्ये बाल्कोम यांच्या पुढाकाराने ब्रिटनमध्ये गुहा-पाणबुड्यांचा 'केव्ह डायव्हिंग ग्रूप' स्थापन झाला आणि त्यांनी ही साधने वापरली. पण नळीबरोबर नावही गेली होती. लागणारे सगळे सामान आता स्वतःबरोबर न्यायचे होते. यावर त्यांनी काढलेला तोडगा पाहण्यासारखा आहे. दोराचे रीळ, दिवे आणि होकायंत्र एकाच सांगाड्यावर बसवून तो हातात धरून न्यायचा. त्याला त्यांनी 'अफ्लोलाउन' असे लांबलचक इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांचे नाव दिले होते. सर्व वस्तू एका जागी सापडत ही सोय होती. पण हात त्यातच गुंतत ही गैरसोय. तळावरून चालणाऱ्याला ते जमले. पायांत वल्ही लावून पोहू लागल्यावर असे ओझे पुढे ढकलणे कठीण झाले.

शुद्ध प्राणवायूची आणखी एक अडचण होती. दाबाखाली तो विषारी ठरतो आणि झटके येतात. आज शुद्ध प्राणवायूसाठी सहा मीटर खोलीची मर्यादा मानतात. वूकी होल त्याहून कितीतरी खोल जाते. १९४९ मध्ये या गुहेत एक पाणबुडा मरण पावला. ब्रिटनमधला गुहा-बुडीचा तो पहिला बळी.

टाकी पाठीवरून बगलेत

फ्रान्समध्ये कुस्तो आणि गान्यां यांनी १९४३ मध्ये लागेल तेवढीच हवा, भोवतालच्या पाण्याइतक्या दाबाने देणारा रेग्युलेटर तयार केला होता. ब्रिटिश गुहांमध्येही पुढे प्राणवायूऐवजी दाबलेली हवा आली. समुद्रात टाकी पाठीवर बांधत, आणि तिथे ते ठीकच आहे. पण मेंडिपच्या गुहेत बुडी हा प्रवासाचा लहानसा भाग असतो. बाकीचा वेळ चिखलातून सरपटणे, दगडांच्या फटीतून निघणे. पाठीवर टाकी असलेला माणूस तिथे कासवासारखा अडकतो. म्हणून १९६० च्या दशकात तिथल्या लोकांनी टाकी पाठीवरून काढली आणि कमरेच्या जाड पट्ट्याला, मांडीच्या बाजूला अडकवली. कुणी संशोधन म्हणून हे केले नाही, वाट अरुंद होती म्हणून केले. पण त्याचे आणखी फायदे दिसू लागले. टाकी सोडून हातात घेता येते. दोन स्वतंत्र टाक्या असल्या तर एक बिघडली तरी दुसरी उरते. आणि सगळ्यांत मोठा फायदा म्हणजे टाकीची चावी डोक्यामागे नव्हे, हाताशी येते.

१९७० च्या दशकात ही पद्धत अमेरिकेत फ्लोरिडात पोचली आणि तिथे तिचे रूप बदलले. फ्लोरिडाच्या गुहा पूर्ण पाण्याने भरलेल्या, लांबलचक, आणि पाणी २२ अंश सेल्सिअसच्या आसपास. तिथे सरपटायचे नव्हते, तासन्‌तास पोहायचे होते. मांडीला लोंबणारी टाकी पाण्याला अडथळा करी. तेव्हा टाकीचे तोंड वर बगलेत ओढून घेतले आणि बूड कंबरेपाशी अडकवले, म्हणजे टाकी शरीराला समांतर राहते. बगलेत ओढून धरायला सायकलच्या ट्यूबचे पट्टे वापरत. गुहा-बुडीच्या इतिहासात सायकल अशी पुन्हा भेटते. १९९० च्या दशकाच्या मध्यास डाइव्ह राइट या कंपनीने लमार हायर्स यांच्या पुढाकाराने असा साज विक्रीसाठी आणला. तोवर प्रत्येक जण स्वतःचा साज स्वतःच शिवत होता. या पद्धतीला 'साइडमाउंट' म्हणतात. आपण तिला बगलबांधणी म्हणू.

प्रत्येक टाका म्हणजे एक भोक

आता पोशाखाकडे वळू. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेते. मेंडिपच्या गुहांतले पाणी दहा-अकरा अंशांचे असते. अशा पाण्यात दीर्घकाळ राहायचे तर कोरडा पोशाखच हवा. १९७० च्या आसपास जलाभेद्य चेन असलेले आणि छातीवरच्या झडपेतून हवा आत घेता येणारे पोशाख मिळू लागले. ही हवा घ्यावीच लागते. बॉइलच्या नियमानुसार दहा मीटर खोलीवर आतल्या हवेचे आकारमान निम्मे होते, नव्वद मीटरवर एक दशांश. नवी हवा घेतली नाही तर पोशाख अंगाला चिमटे काढतो.

अशा पोशाखावर खिसा बसवणे हे नेहमीच्या शिंप्याचे काम नव्हे. सुईचा प्रत्येक टाका म्हणजे कापडाला एक भोक. म्हणून खिसा चिकटवतात, किंवा शिवलाच तर शिवण आतून पट्टी लावून बुजवतात. म्हणजे एकदा बसवलेला खिसा सहज हलवता येत नाही. जागा आधीच विचार करून ठरवावी लागते. पोशाखाच्या आतला खिसा कोरडा राहतो, पण पाण्याखाली तिथे हात पोचत नाही. बाहेरचा खिसा हाताशी असतो, पण त्यात पाणी भरते. म्हणून त्याच्या तळाला पाणी निघून जायला भोके ठेवतात.

पाठीवर टाकी असलेल्या माणसाचे खिसे मांडीच्या बाहेरच्या अंगाला असतात. हात खाली सोडला की तिथेच जातो. पण बगलबांधणीत नेमकी तिथेच टाकी येते. खिशाचे झाकण टाकीखाली दबते आणि टाकीच्या कड्या त्यात अडकतात. मग पर्याय काय उरतात?

पहिला, खिसा मांडीच्या पुढच्या बाजूला सरकवणे. दोन्ही हात पोचतात. पण माणूस पोटावर आडवा असल्याने हा भाग जमिनीकडे येतो. खिसा फुगला तर तळाला घासतो आणि गाळ उठवतो. त्यामुळे त्यात चपट्या वस्तूच ठेवायच्या: पाटी, सुटा मुखवटा, दिशादर्शक खुणा. दुसरा पर्याय पाठीमागे, कंबरेखाली कडीला लटकवलेल्या पिशवीचा. ती शरीराच्या आडोशाला राहते, मोठे रीळही मावते. वस्तू हवी तर कडी सोडून पिशवी पुढे आणायची, काम झाले की परत मागे. पण ती सोडताना निसटली तर गेली, आणि बुटक्या जागी छताला घासते. तिसरा पर्याय, पोशाखाला खिसा चिकटवायचाच नाही, खिसे असलेली वेगळी तुमान वरून घालायची. जागा चुकली तर नुकसान कमी, पण अंगावर एक थर वाढतो. निर्दोष असा पर्याय एकही नाही.

जागा कोणतीही निवडली तरी काही नियम अनुभवातून पक्के झाले आहेत. प्रत्येक वस्तू खिशातल्या दोरीच्या फाशाला कडीने अडकवलेली असते, म्हणजे एक काढताना दुसरी वाहून जात नाही. कापण्याची हत्यारे किमान दोन, वेगवेगळ्या जागी. एक हात अडकला तर दुसऱ्याने काढता आले पाहिजे. वस्तूंचा क्रम कधीही बदलायचा नाही. आणि वस्तू बोटांनी ओळखता आली पाहिजे. दोरावर लावायची खूण त्रिकोणी बाणाची असते ती यासाठीच. तिचे टोक बाहेरच्या वाटेकडे असते आणि अंधारात चाचपून ते कळते.

यात तोलाचाही भाग आहे. बारा लिटरच्या टाकीत २०० वातावरण दाबाची हवा भरली तर तिचे वजन सुमारे २.९ किलो होते (२४०० लिटर गुणिले १.२ ग्रॅम). एकाच टाकीतून श्वास घेत राहिले तर ती बाजू हलकी होऊन माणूस कलंडतो. म्हणून आलटूनपालटून दोन्ही टाक्यांतून हवा घेतात. एकतृतीयांश हवा जाण्यासाठी, एकतृतीयांश येण्यासाठी आणि उरलेली अडीअडचणीसाठी, असा हिशोब असतो. खिशातल्या रिळाचेही तेच. एकाच मांडीवर ते ठेवले तर तोल जातो. तरफेचा धडा शिकवताना हे उदाहरण चांगले उपयोगी पडेल.

थाम लुआंग, २०१८

हा सगळा खटाटोप थोड्या हौशी लोकांचा म्हणून सोडून देता आला असता. पण २३ जून २०१८ रोजी थायलंडच्या थाम लुआंग गुहेत फुटबॉल खेळणारी बारा मुले आणि त्यांचा प्रशिक्षक पुराने अडकले. २ जुलैला रिक स्टँटन आणि जॉन व्होलान्थेन या दोन ब्रिटिश पाणबुड्यांना ते गुहेच्या तोंडापासून सुमारे चार किलोमीटर आत जिवंत सापडले. २००५ मध्ये वूकी होलमध्ये नव्वद मीटर खोली गाठणारे ते हेच दोघे. बाल्कोमच्या गुहेत आणि बगलबांधणीच्या परंपरेत ते तयार झाले होते.

पुढची योजना आजही अंगावर काटा आणते. ऑस्ट्रेलियाचे भूलतज्ज्ञ आणि गुहा-पाणबुडे डॉ. रिचर्ड हॅरिस यांनी मुलांना गुंगीचे औषध दिले. बेशुद्ध मुलाच्या तोंडावर पूर्ण मुखवटा, छातीशी टाकी, आणि त्याला सामानासारखा धरून नेणारा एक पाणबुडा. औषधाचा अंमल वाटेतच ओसरत असे. म्हणून पाणबुड्यांजवळ भरून ठेवलेल्या सुया दिल्या होत्या आणि मूल हलू लागले की त्यांनी ती द्यायची होती. गढूळ पाण्यात, थंड पडलेल्या बोटांनी, एका हाताने मुलाला धरून. ती सुई नेमकी कुठे आहे हे हाताला ठाऊक असणे म्हणजे काय, ते इथे कळते. ८ ते १० जुलै या तीन दिवसांत तेराही जण बाहेर आले. त्याआधी ६ जुलैला समन गुनान हा थाई नौदलाचा माजी पाणबुडा गुहेत हवेच्या टाक्या ठेवून परतताना मरण पावला, हेही विसरता कामा नये.

या कामात महाराष्ट्राचाही हात होता. गुहेतले पाणी उपसण्यासाठी किर्लोस्कर ब्रदर्स या कंपनीचे तंत्रज्ञ तिथे गेले होते. पाणी उतरले तसे काही भाग पोहण्याऐवजी चालून पार करता आले. सांगली जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीला १९१० मध्ये कारखाना उभारणाऱ्या लक्ष्मणरावांनी सुरुवात केली होती ती बेळगावात, सायकलच्या दुकानापासून.

वर्गात करून पाहण्यासारखे

हा प्रयोग पाण्यात मुळीच करायचा नाही, त्यासाठी बाक पुरे. एका विद्यार्थ्याला बाकावर पालथे झोपवा. दोन्ही बगलांत पाण्याने भरलेल्या दोन मोठ्या बाटल्या सैल बांधा. हातात जाड रबरी मोजे, डोळ्यांवर पट्टी. कापडी पिशवीत खडू, खोडरबर, पेन्सिल आणि किल्ली ठेवा. पिशवी एकदा मांडीच्या बाहेरच्या बाजूला, एकदा पुढे आणि एकदा पाठीमागे बांधा. सांगितलेली वस्तू काढून परत ठेवायला किती सेकंद लागले आणि किती वस्तू खाली पडल्या, याची नोंद ठेवा. निदान दहा जणांवर हे करा. डावखुऱ्या मुलांचे आकडे वेगळे लिहा.

दुसरा प्रयोग त्याहून सोपा. हाताला प्लॅस्टिकची पातळ पिशवी घाला आणि तोंड वर ठेवून हात बादलीत कोपरापर्यंत बुडवा. पिशवी हाताला चिकटते तो पाण्याचा दाब. कोरड्या पोशाखातल्या माणसाला काय वाटत असेल याची थोडी कल्पना येईल.

आकडे फळ्यावर मांडल्यावर एखादा विचारील, "सर, मग बरोबर जागा कोणती?" उत्तर देण्याची घाई करू नये. हातात किल्ली ऐवजी मोठे रीळ असते तर, वाट अरुंद असती तर, पाणी गार असते तर, असे विचारावे. मेंडिपमध्ये, फ्लोरिडात आणि थाम लुआंगमध्ये हा प्रश्न प्रत्येकाला नव्याने सोडवावा लागला. आपल्या पाठ्यपुस्तकांत पंपाचे, रबराचे, रेग्युलेटरचे शोध आणि त्यांची सालं येतात. खिशाची जागा शोधणाऱ्यांचे नाव कुठेच येत नाही, कारण ती एकाने शोधली नाही. अडकलेल्या, चुकलेल्या आणि परत येऊन दुसऱ्याला सांगणाऱ्या माणसांनी ती थोडी थोडी सरकवत आणली आहे.